अमेरिकन फिक्शनचा पेपर घेतलाय? मग नोट्स नंतर, पुस्तक आधी

इंग्लिश मेजर घेतलेल्या आपल्या गोव्यातल्या मुलांच्या वाट्याला कधी ना कधी अमेरिकन फिक्शनचा पेपर येतोच, आणि तो आला की पहिली धावपळ असते नोट्सची. सिनियरकडची पीडीएफ, कुठल्यातरी साइटवरची समरी, आता तर मोबाइलला विचारलं की अख्ख्या कादंबरीचा सारांश समोर हजर. मग होतं काय, की स्टोरी पाठ असते, कॅरेक्टरांची नावं पाठ असतात, थीम्स पाठ असतात, आणि पेपरात एक पॅसेज देऊन यावर लिहा म्हटलं की पेन थांबतं, कारण तो पॅसेज आपण कधी वाचलेलाच नसतो.

हे लिहितेय ते खास करून फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे अशा भागांतून आलेल्या मुलांसाठी. प्राथमिक शाळा मराठीतून झालेली, घरात कोंकणी, वर्तमानपत्र मराठी, आणि कॉलेजात एकदम सगळं इंग्लिश. या मुलांना मनातून वाटत असतं की आपलं इंग्लिश कमी पडतं म्हणून कादंबरी डोक्यात शिरत नाही. मी बरीच वर्षं ज्युनियर मुलांबरोबर बसून ही पुस्तकं वाचतेय आणि मला ठामपणे वाटतं की अडचण इंग्लिशची फार थोडी असते, वाचायच्या सवयीची जास्त असते. आणि सवय लावता येते.

सवय म्हणजे एकच प्रश्न. कुठलंही पान उघडा आणि विचारा, हे कोण सांगतंय, आणि सांगणारा काय सांगायचं टाळतोय? बस्स. थीम, सिम्बॉल, पोस्टमॉडर्निझम, ट्रॉमा थिअरी, हे सगळं नंतर येऊ दे, ते महत्त्वाचं आहेच, पण हा प्रश्न आधी विचारलात तर बाकीचं आपोआप त्याला येऊन चिकटतं. खाली मी हाच प्रश्न घेऊन काही पुस्तकांतून फिरवून दाखवते. तुमच्या सिलॅबसमध्ये हीच पुस्तकं असतील असं नाही, कॉलेज तसा सिलॅबस बदलतो, पण पद्धत तीच वापरता येईल.

सुरुवात कथेपासून करा

थेट चारशे पानांची कादंबरी हातात घेऊ नका. रेमंड कार्व्हरची ‘कॅथेड्रल’ घ्या, १९८३ च्या त्याच नावाच्या संग्रहातली कथा, एका बैठकीत वाचून होते. एक नवरा सांगतोय, त्याचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. त्याच्या बायकोचा जुना मित्र रॉबर्ट घरी मुक्कामाला येणार, तो आंधळा आहे, त्याची बायको नुकतीच वारलीय, आणि या नवऱ्याला हे येणं अजिबात आवडलेलं नाही. जेवण होतं, दारू होते, टीव्ही लागतो. टीव्हीवर कॅथेड्रल्स दाखवत असतात, त्यात लिस्बनच्या बाहेरचं एक कॅथेड्रलपण येतं. रॉबर्ट म्हणतो, कॅथेड्रल म्हणजे कसं असतं सांग ना मला. आणि याला सांगताच येत नाही. शेवटी दोघं मिळून कागदाच्या पिशवीवर चित्र काढतात, हातावर हात ठेवून.

आता पेन्सिल घ्या आणि पहिली दोन पानं परत वाचा. हा माणूस रॉबर्टला नावाने किती वेळा हाक मारतो आणि ‘द ब्लाइंड मॅन’ किती वेळा म्हणतो ते खुणा करून बघा. वाक्यं कशी तुटक, आखूड आहेत बघा. बायकोच्या पहिल्या लग्नाबद्दल तो सगळं सांगतो, तिच्या कवितांबद्दलही सांगतो, पण आपल्याला काय वाटतं ते सांगत नाही. मध्येच बायको म्हणते की तुला तर मित्रच नाहीत, त्यावर हा काय बोलतो बघा. म्हणजे जो सांगतोय तो एकटा आहे, आणि एकटेपणा ही एकच गोष्ट तो सांगत नाही. हे तुम्हाला स्वतःच्या पेन्सिलने सापडलं ना, की मग मिनिमलिझम, म्हणजे मोजक्या शब्दांत, बरंचसं न सांगता लिहायची शैली, काय असते हे पाठ करावं लागत नाही.

या कथेसाठी एक अभ्यास मी सगळ्यांना करायला लावते. जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल सगळ्यांनी पाहिलंय, फेस्ताला किंवा शाळेच्या सहलीला. ते कधीच न पाहिलेल्या माणसाला पाच-सहा वाक्यांत सांगायचं, मराठीत, कोंकणीत, कशातही. मुलं सुरू करतात, मोठं आहे, उंच आहे, पांढरं आहे, एकच टॉवर आहे, दुसरा १७७६ साली पडला. आणि थांबतात. कार्व्हरचा माणूस नेमका इथेच थांबतो, तोही उंच आहे, मोठं आहे, यापुढे जाऊ शकत नाही. मंगेशीची दीपमाळ घेऊन करा हवं तर. पण करा, नुसतं वाचून सोडू नका, कारण हे केल्यावर कथेचा शेवट तुम्हाला हाताला लागल्यासारखा कळेल.

आपलं वाटलं की तिथेच थांबायचं नाही

दुसरी कथा झुम्पा लाहिरीची ‘मिसेस सेन्स’. ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ या १९९९ च्या संग्रहात आहे, त्याला २००० चं पुलित्झर मिळालं. मिसेस सेनचा नवरा अमेरिकेत युनिव्हर्सिटीत गणित शिकवतो, ती घरी असते आणि इलियट नावाच्या अकरा वर्षांच्या अमेरिकन मुलाला शाळेनंतर सांभाळते. जमिनीवर पेपर पसरून, आपल्या आदोळीसारख्या पात्यावर बसून भाजी चिरते. तिला ताजी मासळी हवी असते. अख्खी, डोक्यासकट. आणि ती मिळवायची तर गाडी चालवत समुद्राकडे जायला हवं, आणि गाडीची तिला भीती.

गोव्यातल्या मुलीने किंवा मुलाने ही कथा वाचली की पहिल्या पानापासून घरची वाटते. मासळीवाचून जीव कासावीस होणं आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आखातात, जहाजावर, किंवा पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडात गेलेलं कुणीतरी प्रत्येक वाड्यावर आहेच. हे सगळं आठवलं तर छानच, आठवायला पाहिजेच. पण बहुतेक उत्तरं इथेच संपतात, नॉस्टॅल्जिया, डायस्पोरा, आयडेंटिटी क्रायसिस, झालं. आपला प्रश्न विचारा की. कोण सांगतंय? मिसेस सेन सांगत नाहीये. कथा थर्ड पर्सनमध्ये आहे पण डोळे इलियटचे आहेत. बसमध्ये ड्रायव्हर तिला पिशवीत काय आहे विचारतो तेव्हा आपण त्या मुलाच्या शेजारच्या सीटवरून बघतोय, तिच्या पोटात काय झालं ते लेखिका आपल्याला सांगत नाही. आणि खुद्द इलियटसुद्धा एकटा आहे, त्याची आई कामावर, घर समुद्रकिनाऱ्यावर थंडगार. म्हणजे एकटेपण फक्त परदेशी आलेल्या बंगाली बाईचं नाही, त्या अमेरिकन पोराचंही आहे, आणि कथेचा शेवट तर त्याच्यावरच होतो. हा मुद्दा मी फार थोड्या उत्तरपत्रिकांत बघितलाय, आणि तो सापडतो फक्त पुस्तक उघडून.

इथे एक तारीख मात्र लक्षात ठेवा, १९६५. त्या साली अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला, देशवार कोट्याची जुनी पद्धत गेली आणि शिकलेल्या, कौशल्य असलेल्या आशियाई लोकांना दार उघडलं. मिस्टर सेन प्रोफेसर का आहे आणि हॉटेलात वेटर का नाही, याचं अर्धं उत्तर त्या कायद्यात आहे.

मोठी कादंबरी कशी वाचायची

आता टोनी मॉरिसन. ‘बिलव्हेड’, १९८७. बहुतेक सिलॅबसमध्ये असतेच आणि बहुतेक मुलं हिलाच घाबरतात. पहिलं वाक्य आहे की १२४ द्वेषाने भरलेलं होतं. १२४ म्हणजे काय, कोण, काहीच सांगितलेलं नाही, मग कळतं की तो घराचा नंबर आहे. मुलं इथे गोंधळतात आणि लगेच समरीकडे पळतात. पळू नका. मॉरिसनने स्वतः पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलंय की वाचकाला तयारी न देता अनोळखी जागी फेकायचं हे तिने ठरवूनच केलं, कारण गुलाम म्हणून नेलेल्या माणसांना कुठे तयारी मिळाली होती. म्हणजे तुमचा गोंधळ हा पुस्तकाचाच भाग आहे. तो गोंधळ वहीत लिहून ठेवा, कुठल्या पानावर काय कळलं नाही, आणि पुढे ज्या पानावर उलगडलं त्याचा नंबर त्याच्यासमोर लिहा. पुस्तक संपेपर्यंत तुमच्याकडे अशी नोट तयार होते जी दुसऱ्या कुणाकडेच नसते.

कादंबरीचे तीन भाग आहेत आणि तिन्ही भाग त्या घराच्या नंबरानेच सुरू होतात, पहिल्यात घर द्वेषाचं, दुसऱ्यात गोंगाटाचं, तिसऱ्यात शांत. ही तीन वाक्यं एकाखाली एक लिहून भिंतीवर लावा, अख्ख्या कादंबरीचा आराखडा तिथे आहे. आणि १, २, ४ मध्ये ३ गायब आहे, कादंबरीची नायिका सेथ, तिची मुलं चार, त्यातली तिसरी मेलेली. असं काहीतरी स्वतःच्या डोळ्यांना दिसलं की जो आनंद होतो ना, त्यासाठीच लिटरेचर घ्यायचं असतं.

मागची खरी गोष्ट अशी. मार्गारेट गार्नर नावाची गुलाम बाई १८५६ मध्ये केंटकीतून ओहायोत पळाली, पकडायला माणसं आली तेव्हा मुलं परत गुलामीत जाऊ नयेत म्हणून तिने आपल्या लहान मुलीला मारलं. मॉरिसन रँडम हाउसमध्ये एडिटर होती, ‘द ब्लॅक बुक’ या १९७४ च्या पुस्तकाचं काम करताना तिला या घटनेची जुनी बातमी सापडली. हे सगळ्या गाइडात असतं आणि सगळी मुलं लिहितात. तुम्ही पुढचं लिहा.

पुढचं म्हणजे, कादंबरीत ती घटना पहिल्यांदा उघडपणे येते कधी आणि कुणाच्या तोंडून? पहिला भाग संपत येतो तोपर्यंत मॉरिसन ती थांबवून ठेवते. आणि मग एका प्रकरणात चार घोडेस्वार येतात, सेथ जिथून पळाली तो मळा चालवणारा स्कूलटीचर, त्याचा एक पुतण्या, गुलाम पकडणारा माणूस आणि शेरीफ. ते प्रकरण त्यांच्या नजरेने लिहिलंय. ज्या बाईबरोबर आपण शंभरावर पानं काढली, तिच्या आयुष्यातला सगळ्यात भयंकर क्षण आपल्याला तिला माल समजणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी बघावा लागतो, आणि तो माणूस तिथे उभा राहून हिशोब करतोय की आता इथून नेण्यासारखं काही उरलं नाही. पुढे स्टॅम्प पेड नावाचा ओळखीचा म्हातारा, सेथच्या घरी राहायला आलेल्या पॉल डीला, पेपरातलं कात्रण दाखवतो. पॉल डीला वाचता येत नाही, तो फक्त चित्र बघतो आणि म्हणत राहतो की हे तोंड तिचं नाही. आणि मग सेथ स्वतः सांगायला लागते तेव्हा खोलीत गोल गोल फिरत राहते, मुद्द्यावर येतच नाही. एकच घटना तीनदा सांगितली, एकदा पकडायला आलेल्यांच्या बाजूने, एकदा पेपरातून, एकदा आईकडून, आणि आईला सरळ सांगता येत नाही. ही तीन ठिकाणं शोधा, तीन स्टिकी नोट लावा, सलग वाचा. माझ्या मते या कादंबरीवरचं कुठलंही उत्तर, मेमरीवर विचारा, मदरहुडवर विचारा, नॅरेटिव्ह टेक्निकवर विचारा, या तीन जागांवरून लिहिता येतं.

एक काळजी. या पुस्तकांत हिंसा आहे, बलात्कार आहे, आणि काळ्या लोकांना उद्देशून वापरलेली ती शिवी पुन्हा पुन्हा येते. वर्गात मोठ्याने वाचताना तो शब्द उच्चारायचा नाही हे पहिल्याच दिवशी मॅडम किंवा सरांशी बोलून ठरवून घ्या, आणि आपल्या उत्तरात कोट करायची गरज नसेल तिथे करू नका. तो शब्द कुणाच्या तोंडी येतो ते मात्र नीट बघा. मालक वापरतो तेव्हा आणि पीडित माणसं आपसात वापरतात तेव्हा काम वेगवेगळं असतं.

इतिहास किती वाचायचा

एक पान. खरंच, एकच पान, वहीच्या आतल्या बाजूला, तारखांचं. १८५० चा पळालेल्या गुलामांना परत धाडायचा कायदा, १८६५ ला गुलामी घटनेने बंद, १९५४ ला शाळांमधल्या वंशभेदावर सुप्रीम कोर्टाचा निकाल, १९६४ चा सिव्हिल राइट्स कायदा, १९६५ इमिग्रेशन, १९७५ व्हिएतनाम संपलं, २००१ सप्टेंबर, २००५ कॅट्रीना वादळ. कादंबरी वाचताना प्रत्येक घटना या पानावर कुठे बसते ते बघायचं.

आणि जिथे बसत नाही तिथे थांबायचं. कोल्सन व्हाइटहेडची ‘द अंडरग्राउंड रेलरोड’, २०१६ ची, २०१७ चं पुलित्झर. खऱ्या इतिहासात अंडरग्राउंड रेलरोड म्हणजे गुलामांना पळायला मदत करणाऱ्या माणसांचं, लपायच्या घरांचं गुप्त जाळं होतं, आगगाडी वगैरे काही नव्हती. व्हाइटहेडने जमिनीखाली खरेखुरे रूळ आणि इंजिनं घातली. उत्तरात हे इतिहास म्हणून लिहिलंत तर मार्क जातील. पण याहून मोठी गोष्ट साउथ कॅरोलिनाच्या प्रकरणात आहे. तिथे नायिका कोरा पळून येते, सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि हळूहळू दिसतं की डॉक्टर काळ्या बायकांची नसबंदी करायला बघतायत आणि पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास चाललाय, त्यांना न सांगता. सिफिलिसचा असा अभ्यास खरा घडलेला आहे, पण शंभर वर्षांनी, अलाबामातल्या टस्कीगीला, १९३२ ते १९७२. लेखकाने विसाव्या शतकातलं पाप उचलून एकोणिसाव्यात ठेवलं. का? कारण गुलामी गेली की संपलं असं वाचकाला वाटू नये. असं मी वाचते, तुम्ही वेगळं वाचू शकता, पण तारीख माहीत नसेल तर हा प्रश्नच पडणार नाही.

आपण तीन भाषांतली माणसं आहोत, त्याचा फायदा घ्या

पर्सिव्हल एव्हरेटची ‘जेम्स’ २०२४ मध्ये आली, नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं आणि २०२५ चं पुलित्झरही. मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’ या कादंबरीतला गुलाम जिम, तोच इथे स्वतःची गोष्ट सांगतो. यात गुलाम माणसं आपसात अगदी स्वच्छ, पुस्तकी इंग्लिश बोलतात आणि गोरा माणूस जवळ आला की लगेच मोडकी, अडाणी वाटणारी भाषा सुरू करतात. जेम्स लहान मुलांना ही मोडकी भाषा शिकवतो, शिकवणी घेतल्यासारखी, कारण गोऱ्यांना शहाणा गुलाम चालत नाही आणि जीव वाचवायचा असतो.

हे प्रकरण आपल्या मुलांना जितक्या पटकन कळतं ते बघून मला दरवेळी बरं वाटतं. घरी एक भाषा, ऑफिसात दुसरी, स्टेजवर तिसरी, पेडण्याची बोली म्हापशाला आली की थोडी सावरून घ्यायची, हे आपण लहानपणापासून करतोय. कुणासमोर कशी भाषा वापरायची हे सत्तेशी जोडलेलं असतं हे आपल्याला थिअरीआधी अंगाने माहीत आहे. म्हणून क्लासमध्ये गप्प बसू नका. मुद्दा मराठीत सुचला तर मराठीत वहीत लिहा, कोंकणीत मैत्रिणीशी भांडा, आणि मग इंग्लिशमध्ये आणा. मार्जिनमध्ये मराठीत लिहिलेल्या टिपांची लाज वाटायचं काही कारण नाही, विचार आधी स्वच्छ व्हायला हवा.

फक्त एक लक्षात ठेवा, आपली भाषा बदलणं आणि जीव वाचवायला बदलणं यात अंतर आहे, आणि ते अंतर उत्तरात लिहायचं.

तुलनेचंही तेच. ब्लॅक फिक्शन वाचताना दलित साहित्य आठवतंच, आणि तो धागा खरा आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, त्यांना तिकडच्या काळ्या लोकांच्या युनोकडच्या अर्जाची माहिती हवी होती, ड्यू बॉइसनी उत्तरही दिलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली तिचं नाव १९६६ मध्ये ओकलंडला सुरू झालेल्या ब्लॅक पँथरवरून. मराठी वाचणाऱ्या विद्यार्थ्याकडे हे भांडवल आहे आणि इंग्लिशमधूनच शिकलेल्या बऱ्याच मुलांकडे ते नसतं. वापरा. पण जात आणि वंश दोन्ही सारखंच, असं एका वाक्यात उडवून लावू नका. कुठे जुळतं आणि कुठे सुटतं ते दोन-तीन वाक्यांत दाखवा. आपल्या गावातल्या देवळाच्या दारात कोण कुठपर्यंत उभं राहायचं हे आठवून बघा, मग लिहा.

बाकी थोडं पटकन

टिम ओब्रायनच्या ‘द थिंग्ज दे कॅरीड’ मध्ये, १९९० चं पुस्तक, सांगणाऱ्याचं नावही टिम ओब्रायनच आहे. लेखक खरोखर व्हिएतनामला गेला होता, तरी हे पुस्तक फिक्शन आहे आणि पुस्तक ते स्वतःच सांगतं. उत्तरात लेखक आणि नॅरेटर एक करू नका, ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

कॉरमॅक मॅकार्थीच्या ‘द रोड’ मध्ये, २००६, बाप आणि मुलगा जळून गेलेल्या जगातून चालतायत, संवादाला अवतरणचिन्हं नाहीत, दोघांना नावं नाहीत, आणि जग कशाने जळलं ते कधीच सांगितलेलं नाही. परीक्षेत न्यूक्लिअर वॉर म्हणून ठोकून देतात. पुस्तकात नाही ते. न सांगण्याबद्दल लिहा.

जेनिफर ईगनची ‘अ व्हिजिट फ्रॉम द गून स्क्वाड’, २०१० ची, हिच्यात एक अख्खं प्रकरण पॉवरपॉइंटच्या स्लाइड्समध्ये आहे, बारा वर्षांच्या अॅलिसनने बनवलेलं. तिचा भाऊ लिंकन गाण्यांमधल्या थांब्यांच्या मागे वेडा झालेला, गाणं मध्येच गप्प होतं ते दोन-तीन सेकंद तो मोजत बसतो. मुलं हे प्रकरण भराभर पलटतात, सोपं आहे म्हणून. सावकाश बघा, स्लाइडवर रिकामी जागा किती आहे ते बघा. घरातली माणसं एकमेकांशी जे बोलू शकत नाहीत ते त्या रिकाम्या जागेत आहे.

उत्तर कसं लिहायचं

अवॉर्डने सुरुवात करू नका. लेखकाचा जन्म, शिक्षण, पुरस्कार, यात पहिलं पान गेलं की तपासणारा कंटाळतो, आणि त्याला हे सगळं माहीत असतं. बिलव्हेड ही गुलामी आणि स्मृतीवरची कादंबरी आहे, हे वाक्यही खोडा. ते खरं आहे पण त्याच्यावर कुणी वाद घालू शकत नाही, आणि ज्याच्यावर वाद होत नाही ते उत्तराचं मुख्य वाक्य होऊ शकत नाही. त्याऐवजी असं काहीतरी, की मॉरिसन सेथचं कृत्य आधी पकडायला आलेल्यांच्या नजरेतून दाखवते, त्यामुळे सेथबद्दल मत बनवण्याआधी वाचकाला आपण कुणाच्या जागी उभे आहोत ते बघावं लागतं. आता यावर कुणी म्हणू शकतं की नाही, असं नाही. म्हणजे झालं, तुमच्याकडे मुद्दा आहे.

मग एक छोटा कोट, दोन ओळींचा, त्याहून मोठा नको. आणि कोटनंतर त्याच्या दुप्पट-तिप्पट तुमचं लिखाण. शब्द कुठला वापरलाय, वाक्य लांब का आहे, कोण गप्प आहे. कोट टाकून ‘धिस शोज’ लिहून पुढच्या पॅराग्राफला जायचं ही सवय मोडा. घरी लिहायच्या असाइनमेंटला पान नंबर आणि शेवटी एमएलए, म्हणजे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या, पद्धतीने पुस्तकाची नोंद हवीच. परीक्षेत पानं आठवत नाहीत, तिथे प्रसंग नेमका सांगितला तरी पुरतं.

क्रिटिकचं वाचन यानंतर. आधी क्रिटिक वाचलात तर पुस्तकात तेवढंच दिसेल. दोन लेख पुरे, पण पूर्ण वाचलेले, आणि त्यातल्या एकाशी तुमचं कुठेतरी पटत नसेल तर तेच लिहा, अशा उत्तराला वजन येतं.

पुस्तकं मिळवायची तर आधी कॉलेजची लायब्ररी, नाहीतर पणजीत पाटोवरची कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी, कदंब स्टँडवरून चालत जाता येतं आणि बसून वाचायला जागा चांगली आहे. एमएचं करत असाल तर ताळगावच्या पठारावरची युनिव्हर्सिटीची लायब्ररी आहेच. मॉरिसनचं १९९३ चं नोबेल भाषण नोबेलच्या साइटवर फुकट आहे, वाचता येतं, तिच्या आवाजात ऐकताही येतं. ऐकाच. तिची वाक्यं कानाने कळतात. म्हणूनच मी सांगते की कादंबरीचं पहिलं प्रकरण मोठ्याने वाचा, घरी लाज वाटत असेल तर दार लावून वाचा, अॅक्सेंटची पर्वा करू नका.

दोघं-तिघं मिळून वाचत असाल तर प्रत्येकाने एक प्रकरण घेऊन समरी सांगायची वाटणी करू नका, त्यात सगळ्यांचं नुकसान आहे. सगळ्यांनी सगळं वाचायचं, आणि प्रत्येकाने आपल्याला न कळलेला एक पॅराग्राफ घेऊन यायचा. बसमध्ये, कँटीनमध्ये, कुठेही त्या एका पॅराग्राफवर बोलायचं. आयएसएला, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेला, प्रेझेंटेशन द्यायचं असेल तर तोच पॅराग्राफ स्लाइडवर टाका, लेखकाचा फोटो नको, आणि वर्गाला विचारा की हे कोण सांगतंय. पाच मिनिटं तरी नक्की वाद होतो, मॅडमसुद्धा त्यात उतरतात.

वेळेचं बोलायचं तर चवथीची सुट्टी मोठ्या कादंबरीसाठी राखून ठेवा, घरात पाहुणे असले तरी पहाटे आणि दुपारी जेवणानंतर वेळ मिळतो. कथा मात्र सेमिस्टर चालू असतानाच, एकेक करून, आणि प्रत्येक कथा दोनदा. दुसऱ्या वाचनाला पेन्सिलचा रंग बदला, म्हणजे पहिल्यांदा काय निसटलं होतं ते परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक चाळताना लगेच दिसेल.